आचारणीच्या गटांगळ्या

“आचारणीला आधी बुडवा. आवाजानं डोकं उठतं.”

“मांजर राहू दे, ही नको.”

बेटावर अडकलेल्या चाच्यांच्या त्या कार्टून मालिकेत प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचून दर आठवड्याला एकाला समुद्रात ढकलत. या वेळी आचारणीची पाळी होती. तिला आवाज देणाऱ्या शरयूताईंनी स्टुडिओत बसून सगळं वाचलं. तीन वर्षांनी मिळालेलं काम, नुसतं म्याव करणाऱ्या मांजरापुढे हरलं होतं.

“ताई, चार गटांगळ्या, मग शांत,” काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला.

शरयूताईंनी माइकसमोर चार गटांगळ्या खाल्ल्या. मग पाचवी. सहावीला तर चाच्यांना दोन शिव्याही हासडल्या.

“ताई, थांबा. पडद्यावर तिचं तोंड मिटलंय.”

“मग चित्र बदला,” त्या आचारणीच्याच किरट्या आवाजात म्हणाल्या आणि सातवीसाठी त्यांनी छातीभर श्वास घेतला.