दोन्ही टाक्या भरलेल्या

"दोन्ही टाक्यांत पेट्रोल आहे म्हणतोस?" गॅरेजवाल्या व्हर्नने विचारलं.

"पुढचीही भरलेली, मागचीही. धावता धावता गचके खाल्ले आणि बसली रस्त्यात." गाडी ढकलून आणल्याने त्या तरुणाला धाप लागली होती. त्याने नाव ल्यूक सांगितलं. आडनाव सांगितलं नाही.

व्हर्नच्या बायकोला, आर्डिसला, ते डाचलं. मग तिने गाडीकडे नीट पाहिलं. जुनी तपकिरी पिकअप, आणि मागचं फळकूट तेवढं पांढरं.

ही गाडी तिने पाहिली होती. गेल्या हिवाळ्यात शेरीफने गॅरेजच्या खिडकीत लावलेल्या कागदावर हिचाच फोटो होता. कागद फिका पडला म्हणून व्हर्नने तो पुढे काढून टाकला. एमिल कुचेरा नावाचा म्हातारा गुरांच्या हौदातला बर्फ फोडायला टेकडीपलीकडे उतरला होता. किल्ली गाडीतच, जशी इकडे सँडहिल्सच्या कुरणांत सगळ्यांची असते. परत वर आला तर गाडी नाही, तिला जोडलेला वासरांचा ट्रेलरही नाही. म्हातारा चालत घराकडे निघाला आणि वाटेत गोठून मेला. आर्डिसची त्याच्याशी ओळख नव्हती. पण तिचे वडीलही असेच एकटे हौदावर जायचे, त्यामुळे ती बातमी वाचून ती ढसाढसा रडली होती.

चोर कधी सापडला नाही. आज तो चोरलेली गाडी दुरुस्त करून घ्यायला आला होता, असं आर्डिसचं ठाम मत झालं.

व्हर्न फडक्याला हात पुसत उभा होता. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होता. त्यालाही गाडी ओळखू आली असणार.

"फिरव किल्ली," तो म्हणाला.

आर्डिस मागच्या टाकीशी वाकली. नवऱ्याला पाने देण्यात तिची उमर गेली होती. टाकीतला पेट्रोल ढकलणारा पंप धड असला की किल्ली फिरताच गुणगुण ऐकू येते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मागची टाकी मुकी. ल्यूकने बटण दाबून पुढची टाकी लावली. तीही मुकी.

"दोन पंप एकाच दिवशी मरत नाहीत," ती म्हणाली.

"मरतात की," ल्यूक म्हणाला. "इतकी वर्षं जोडीने संसार केला असेल तर."

ती हसली नाही. "गाडी कुणाची?"

"बाबांची."

"आणि बाबा कुठे असतात?"

"आता नाहीत."

पोरगा उत्तरं पाठ करूनच आला होता. कॉफीच्या निमित्ताने आर्डिस आत गेली आणि शेरीफच्या कचेरीतल्या बेनेटला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "व्हर्न आहे का तिथे?"

"आहे ना. म्हणून तर मला भीती नाही."

"त्याला जाऊ देऊ नकोस. निघालोच मी."

ल्यूकच्या हातात कप देऊन तिने व्हर्नला बाजूला ओढलं. "कुचेराचा चोर आहे हा. बेनेटला बोलावलंय. तू टाकी उतरवायला घे, तोवर वेळ जाईल."

व्हर्नचा चेहरा पडला. "तुला कुणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी? पोलिस आले की गिऱ्हाईकं पळतात. वाटेला लावू त्याला."

"अरे, माणूस मेलाय."

त्याचं लक्षच नव्हतं. त्याने फ्यूज पाहिले नाहीत, मीटर भिंतीवरून काढलं नाही, गाडीखाली गेला नाही. पलीकडचं दार उघडून सीट पुढे पाडली, मागे कोपरापर्यंत हात घातला. खट् असा आवाज झाला. टाकीतून गुणगुण सुरू झाली.

"वायर ढिली होती," तो म्हणाला. "जा आता, नीघ."

आर्डिसला नवऱ्याचा इतका राग कधीच आला नव्हता. हाती आलेला चोर तो आपण होऊन सोडत होता. पण ल्यूक गाडीत बसला नाही. कप तसाच धरून तो पाडलेल्या सीटकडे बघत राहिला.

तेवढ्यात बेनेटची गाडी आवारात शिरली. आर्डिस धावलीच. "हाच तो. आधी याचे कागद बघ."

"कागद मीच दिलेत त्याला, आर्डिस. गाडी उन्हाळ्यात कोलोरॅडोत सापडली. आम्ही गाजावाजा केला नाही. हा एमिलचा मुलगा."

आर्डिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ कर बाबा. मला वाटलं..."

"असू दे," ल्यूक म्हणाला आणि बेनेटकडे वळला. "बाबांनी एक छुपा खटका बसवला होता. तो पाडला की दोन्ही पंप बंद. गाडीतून उतरताना ते तो नेहमी पाडायचे. माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता. गाडी सापडली तेव्हा मात्र तो चालू होता, म्हणजे चोराने तो शोधून काढला होता. तेव्हापासून खटका पाडून मी गॅरेजं पालथी घालतोय. सगळ्यांनी फ्यूज तपासले, टाक्या उतरवल्या. एकाने तर दोन्ही पंप बदलले."

त्याने कप आर्डिसच्या हातात परत दिला.

"सीटमागे थेट हात घातला तो यांनीच."