उत्तर देणारी व्यक्ती

फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न असतो: उत्तर कोण देतंय, स्वतः की पालक? दिव्यांग तरुणांच्या नोकऱ्यांवरच्या संशोधनासाठी मी तीन वर्षांपूर्वी राजाजीनगरच्या या घरी आले होते, तेव्हा भव्याची सगळी उत्तरं तिच्या आईनं, मथुराक्कांनी दिली होती. आवडता रंगसुद्धा. आता भव्या बेकरीत पाकिटं भरते. आजही मी सवयीनं 'पालक'वर खूण करायला गेले, तर मथुराक्का म्हणाल्या, "स्वल्प थांबा. सहाला येईल ती, तिलाच विचारा." भव्या आली, हातपाय धुऊन समोर बसली. म्हणाली, "अम्मा, तू आत जा." मथुराक्का स्वयंपाकघरात गेल्या. 'स्वतः'वर खूण करून मी विचारलं, "कामावर काही अडचण?" तिनं विचार केला. "अम्मा दिवसातून पाचदा फोन करते. मोजलेली बिस्किटं परत मोजावी लागतात." पेन थांबलं. "लिहा तेच," आतून आवाज आला. "उद्यापासून दोनदाच करीन."