कावळा न शिवलेलं पान

टोपावरचं झाकण थडथडलं आणि क्षमा दचकली. सकाळपासून घर नुसतं गप्प होतं. खीर उतू जायच्या आत तिने गॅस बारीक केला आणि जाऊन लेकीच्या, सिद्धीच्या कपाळाला हात लावला. ताप होताच.

पाऊस सुरू झाल्यापासून हा ताप येत-जात होता. म्हापशाच्या डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. शेजारच्या सुलोचनावहिनींना मात्र सापडलं होतं.

"तुझी सासू उपाशी आसा गे, बाय. अहेव मेलेली बाईल ती, कपाळावर कुंकू घेऊन गेलेली. तिचा पान कधी मांडलात? नवमी चुकली की ती घरातल्या पोराकडे बघता."

क्षमाचा विश्वास अर्धाच होता. पण ताप पुरता होता.

सासरे, नारायण, पितृपक्षात आई-वडिलांचा म्हाळ दरवर्षी घालायचे. बायकोची अविधवा नवमी मात्र कधीच नाही. "आमच्यात पद्धत नाय," म्हणायचे आणि काजूच्या बागेत निघून जायचे. तीन वर्षांच्या देवेशला, क्षमाच्या नवऱ्याला, खांद्यावर घेऊन ते कोरगावात आले, बायको सुशीला आधीच वारली होती, एवढंच सगळ्यांना ठाऊक. घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता. आई कशी दिसायची, हे देवेशलाही सांगता येत नसे.

आज सासरे डोळे तपासायला म्हापशाला गेले होते. देवेश ट्रक घेऊन खाणीवर. क्षमाने कोणाला न विचारता वडे तळले.

अडचण सवाष्णीची होती. गावातल्या साऱ्याजणी आधीच कुठे ना कुठे जेवायला सांगितलेल्या. मग तिला पेडण्याच्या बाजारातली फुलवाली मावशी आठवली. आमोणे गावची. एका दिवशी डिचोली, एका दिवशी म्हापसा, मग पेडणे. एवढं फिरून ही अबोली ती किती विकणार, असं क्षमाला वाटे. सिद्धीवर मावशीचा जीव. मागच्या महिन्यात केसांत फुलं माळताना तिला पोरीच्या डोक्यावरचे दोन भोवरे दिसले होते.

"बापाक पण आसत?"

क्षमा हो म्हणाली. तेव्हा मावशीने अबोलीचा आणखी एक वळेसर फुकट दिला होता.

"पण तिचो घोव आसा ना गे?" सुलोचनावहिनींनी काल हटकलं होतं. "कोणी बघितलो? घोव मेल्यावर पण कुंकू लावतत हल्ली काय जणी. विधवेक जेवू घातलंस तर उलटाच होतला हां."

म्हणून मावशी ओसरीवर टेकताच क्षमाने चाचरत विचारलं, "राग मानू नका मावशी. तुमचे मिस्टर..."

"आसत."

"कुठे असतात?"

"भायर. झील पण, माझो पोरगो, बापाशीकडेच आसा."

"नाव काय त्यांचं?"

मावशी हसली. "घोवाचा नाव तोंडान घेतत गे? तू घेतंस?"

क्षमा ओशाळली. मावशीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, गळ्यात काळे मणी. आणखी काय बघायचं? तिने मावशीचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, हिरवी काकणं भरली. वडे, खतखतं, खीर वाढली. पानाभोवती पाणी फिरवून ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंच्या, सुशीलाबाईंच्या नावाने. पोटभर जेवा, आणि माझं पोर बरं करा."

मावशीचा हात घासावरच थांबला.

"मीठ कमी पडलं?"

"नाय." तिची मान खालीच होती. "कधी गेली म्हणालंस ती?"

"हे तीन वर्षांचे असताना."

मावशी जेवू लागली. सावकाश, शीत न सांडता. परसातल्या पानाकडे मात्र कावळा फिरकत नव्हता. क्षमा दोनदा पाहून आली. सासूबाईंची काही इच्छा राहिली असेल, असं मनाशी म्हणत तिने हात जोडले.

फाटक करकरलं. म्हापशाला डोळ्यांचे डॉक्टर आलेच नव्हते. नारायण अर्ध्या दिवसात परतले होते. पान पाहताच त्यांचा आवाज चढला.

"क्षमा! या घरात हे पान मांडायचं नाय म्हणून किती वेळा..."

मावशीने मान वर केली.

नारायणांच्या हातातली छत्री पडली. 

"सुशीला," ते म्हणाले.

मावशीने डाव्या हाताने डोक्यावर पदर घेतला. "जत्रेक नेतंय म्हणून झिलाक घेऊन गेलात. सांजेक येतंव म्हणालात." तिचा आवाज चढला नाही. "पोलिसांनी शोधूचा सोडल्यानी. मी नाय सोडलंय."

आतल्या खोलीतून सिद्धी उठून आली होती. तिने आजोबांकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, मग आईचा पदर ओढला.

"आई, मग मेलं कोण?"