उतारावरचा हुंकार

"भर दुपारी वर जाऊ नका साहेब, वाळू पाय भाजून काढते," असं डेल्फिनाने त्या माणसाला दोनदा बजावलं. कोलोरॅडोतल्या या वाळूच्या टेकड्यांवर ती बावीस वर्षं उद्यानाची रखवाली करत होती.

"बाई, तुमचं काम रस्ता दाखवायचं, अक्कल शिकवायचं नाही," ब्रेंट म्हणाला. त्याची बायको मार्सी ओशाळून खाली बघू लागली. तो घसरायची फळी काखेत मारून वर चढला.

तो घसरत उतरला तेव्हा टेकडी घुमली. वाळू सरकली की टेकडी हुंकार देते आणि वाळू थांबली की गप्प होते, हे डेल्फिनाला पाठ होतं.

ब्रेंट पायथ्याशी पोचला. वाळूचा एक कणही हलत नव्हता, तरी हुंकार चालूच राहिला.

ब्रेंट विजयाने हसत होता. काही बोलायला त्याने तोंड उघडलं, तसा त्याच्याच तोंडातून हुंकार मोठा झाला.

"ब्रेंट, पुरे झाली थट्टा," मार्सी म्हणाली.

त्याने घाईघाईने ओठ मिटले, त्यांवर दोन्ही हात दाबून धरले. हुंकार थांबेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मार्सी धावली, तशी डेल्फिनाने तिचा दंड धरून तिला मागे खेचलं.

"सोडा मला! नवरा आहे तो माझा!"

"माहीत आहे. आधी ऐका."

वरच्या रिकाम्या उतारावरून कुणीतरी त्याला तसंच उत्तर देत होतं, आणि ते उत्तर खाली येत होतं.