नावं सोडून

"आणि बंगल्यावर जेवायला कोण कोण यायचं?" लॅपटॉपमधल्या बाईनं गोड हिंदीत विचारलं, आणि मेथी निवडणाऱ्या नंदाचा हात थांबला.

टेबलाशी तिचे यजमान चांगदेव इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. नौदलात स्टुअर्ड म्हणून, अधिकाऱ्यांचं जेवणखाण बघत, त्यांनी सगळी नोकरी काढली होती. त्यातली शेवटची वर्षं एकाच साहेबांच्या बंगल्यावर. ते साहेब आता दिल्लीत फार वरच्या पदावर होते. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेची ही बाई अशा अधिकाऱ्यांवर पुस्तक लिहीत होती. निदान तिनं तसं सांगितलं होतं. हा तिचा तिसरा कॉल. आधीच्या दोन्ही वेळी नंदालाही बरंच वाटलं होतं. रिटायर होऊन डोंबिवलीला आल्यापासून चांगदेवांचं ऐकायला कुणी नव्हतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरवरून भांडायचे, तेवढंच.

"यायची पुष्कळ. मोठी माणसं," चांगदेव म्हणाले.

"संरक्षण खात्यातले सेक्रेटरी वगैरे? साहेबांचं कुणाशी पटत नव्हतं? दोन पेग झाल्यावर काय बोलायचे?"

चांगदेवांनी चष्मा काढला. "मॅडम, पुस्तकात हे कशाला लागतं?"

बाई हसली. "मागच्या वेळी तुम्हीच तर सेक्रेटरींशी झालेलं भांडण सांगितलंत. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. साहेबांना ऐकवायचं का? त्यापेक्षा आपण मित्रच राहू. फक्त एवढंच सांगा, हल्ली त्यांच्या घरी तुमच्या ओळखीचं कोण कामाला आहे?"

चांगदेवांनी लॅपटॉप मिटला. हात तसाच त्याच्यावर दाबून धरला, जणू आतून कुणी तो उघडणार होतं.

"नंदा, काय करून बसलो गं मी?"

टीव्हीवर दाखवतात ती, तोंडावर काळा कपडा घातलेली माणसं नंदाच्या डोळ्यांपुढे आली. देशाची माहिती बाहेर देणारी. त्यांच्यातल्या एकाच्या अंगात तिला हा इस्त्रीचा शर्ट दिसला.

"सिम फेकून देतो," चांगदेव उठले. "लॅपटॉप भंगारात. विषय संपला."

"तुमचा संपेल. ती दुसऱ्याला गाठेल." नंदानं मेथी बाजूला सारली. "साहेबांच्या घरी आज जो कुणी वाढतोय ना, त्याला. तुम्ही भोळेपणानं बोललात. तो पैशासाठी बोलेल, नाहीतर भीतीनं."

"अगं, मला आत टाकतील."

"टाकू देत. पण तिनं सांगण्याआधी आपण सांगू या. बाईसाहेबांना लावा. गणपतीत दरवर्षी करता ना फोन?"

चांगदेव खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी फोन लावला. पलीकडे साहेबांच्या पत्नीनं मधे एकदाही न बोलता सगळं ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "चांगदेव, घरीच थांब. कशालाही हात लावू नकोस."

दुपारी ठाणे शहरातून तपास खात्याची साध्या कपड्यांतली दोन माणसं आली. त्यातली एक बाई अधिकारी होती. नंदानं पुढे केलेलं पाणी तिनं घेतलं, तेवढ्यानंही नंदाला जरा धीर आला.

"भांडण कशावरून सांगितलंत, काका?"

"नौदलाला नव्या बोटी वेळेवर मिळत नाहीत, त्यावरून. साहेब ताटावरून उठले होते."

"ते तर तेव्हा पेपरातही आलं होतं. आणखी?"

"साहेबांना आमच्याकडची कुळथाची पिठी आवडते. जेवणानंतर गूळ लागतो. कारल्याचं नाव काढलेलं चालत नाही."

"आणखी?"

"एवढंच, मॅडम. आईशप्पथ."

अधिकारी बाई पहिल्यांदाच हसली. सोबतच्या माणसानं लॅपटॉप आणि फोन पिशवीत घातले.

"हे आम्ही नेतोय. काम झालं की परत मिळेल," ती म्हणाली. "असे कॉल आणखी काही जणांना गेलेत, काका. त्यातले काही अजून बोलतायत. तुम्ही आपणहून कळवलंत. निवांत झोपा आता."

दारात चपला घालताना तिला आठवलं. "हो, दिल्लीहून निरोप आहे. साहेब म्हणाले, चांगदेवला सांगा, जेवून घे."

दार लागलं. नंदा तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. रडता रडता हसू यायला लागलं, तेव्हा उठली आणि पानं घेतली. चांगदेवांनी भात संपवला, पुन्हा मागून घेतला. सकाळपासून चढलेले त्यांचे खांदे आता कुठे खाली आले होते.

ताटातच हात वाळवत ते बसून राहिले.

"ती पुस्तकवाली बाई लबाड होती," ते म्हणाले, "पण ऐकायची मात्र मनापासून."

नंदानं उष्टी ताटं उचलायला घेतली होती. ती परत खाली ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"मला सांगा."

"तुला काय नवीन सांगू? सगळं ठाऊक आहे तुला."

"तुम्ही सहा-सहा महिने बोटीवर असायचात. मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "फक्त नावं सोडून सांगा."

चांगदेवांनी टेबलावर तळहात पसरून ठेवले.

"समुद्र खवळला ना, की बोट अशी कलायची, अशी. उभं राहता यायचं नाही. तेव्हा वाढायच्या आधी आम्ही टेबलावरची चादर पाण्यानं चिंब भिजवायचो."

"भिजवायचात? कशाला?"

"ओल्या चादरीवरून ताटं घसरत नाहीत."