चिकटलेलं दार

न्हाणीघराचं फुगलेलं दार. गंज चढलेली पटाशी. फोनमधून येणारा गोड आवाज: "मनाची बंद दारं उघडा."

सुतार नवरा डोळे मिटून फोन ऐकत होता. न्हाणीघरात अडकलेल्या सासूबाई आतून दार बडवत होत्या.

"अहो, उठा! आई अडकल्यात!"

"थांब गं. आयुष्यात मी कुठे अडकलोय, ते शोधतोय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी कुठे अडकलेय? ह्याच्या उठण्यावर! तिने पटाशी-हातोडी घेतली, बिजागऱ्या उखडल्या आणि दार उतरवून भिंतीला टेकवलं.

सासूबाई घामाघूम होऊन बाहेर आल्या. "येत होतं, तर दार दुरुस्त करायला इतके दिवस ह्याच्या नाकदुऱ्या कशाला काढल्यास?"



तिच्या वडिलांनी सुतारकाम आधी तिला शिकवलं होतं, मग जावयाला.