अक्कलदाढेची तुरपाई

सासू-सुनेचं शिवणाचं दुकान होतं, पण सासूबाईंनी सुनेची तुरपाई कधी म्हणून नावाजली नव्हती. झग्याचा घेर त्या उजेडात धरत, "टाका दिसतोय," म्हणत आणि सरळ उसवून टाकत. सूनही हट्टाला पेटून पुन्हा शिवायला बसे.

अक्कलदाढ काढल्यावर मात्र ती आठवडाभर गाल धरून पडून होती. आज टाके काढायला सासूबाईच सोबत आल्या.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात दिवा रोखला आणि त्या थबकल्या. "मी काळ्या दोऱ्याचे टाके घातले होते. ते कुठे गेले? ही जखम शिवली कुणी?"

सासूबाई चष्मा सावरत वाकल्या. दोऱ्याचं एवढंसं टोक तेवढं दिसत होतं, तेही हिरडीच्याच रंगाचं. टाका शोधूनही सापडेना.

"हा माझा हात नव्हे," शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्याहून सरस आहे. तुझाच आहे गं हा!"

तोंडाचा आ तसाच ठेवून सून डोळ्यांनी हसली.

"नवलच आहे, पण दोरा काढायलाच हवा," म्हणत डॉक्टरीणबाईंनी ते टोक चिमट्यात धरून हलकेच ओढलं.

सुनेचा मांडीवरचा उजवा हात आपसूक वर उचलला गेला. बोटं सुई धरल्यासारखी जुळली होती.

जन्मभर सुनेचं उसवत आलेल्या सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंचं मनगट घट्ट पकडलं.

"उसवू नका," त्या अभिमानाने म्हणाल्या. "अजून शिवतेय ती."